नैराश्याच्या उपचारात व्यायामाचे स्थान : सल्ल्याकडून सोबतीकडे

आपल्या रुग्णालयाच्या उत्पन्न-खर्च पत्रकात मानसोपचार विभागाच्या खात्यावर यंदा ‘व्यायामगट’ असे एक नवे शीर्षक समाविष्ट झाले आहे. रक्कम लहान आहे. तरीही काही आजीव सभासदांनी व देणगीदारांनी त्याविषयी आस्थेने पृच्छा केली. नैराश्यावर तज्ज्ञ डॉक्टर आणि औषधे उपलब्ध असताना रुग्णांना पटांगणात चालविण्यासाठी रुग्णालयाने वेगळी व्यवस्था का करावी, चालणे तर कोणासही घरच्या घरी व विनामूल्य करता येते, असा त्या पृच्छेचा आशय होता. प्रश्न रास्त आहे. न्यासाच्या पैशाचा विनियोग कसा व का झाला, हे विचारण्याचा आपणां सर्वांस अधिकार आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. हिशेब आणि व्यवस्थापन हे आमचे काम. त्यामुळे वैद्यकीय बाबतीत आम्ही स्वतःचे मत मांडणार नाही. मानसोपचार व भौतिकोपचार विभागांतील तज्ज्ञांकडून जे समजून घेतले आणि प्रकाशित संशोधनातून जे स्पष्ट होते, तेवढेच सर्वसामान्य वाचकास समजेल अशा भाषेत येथे मांडीत आहोत.

आजाराचे स्वरूप

दुःख आणि नैराश्य यांत अंतर आहे. जवळचे माणूस गेले, धंद्यात खोट आली, मुलगा परीक्षेत नापास झाला, तर मन खिन्न होणे स्वाभाविक आहे. काळ जातो, माणसे भेटतात, आणि मन पूर्वपदावर येते. वैद्यकशास्त्र ज्यास नैराश्य म्हणते आणि सर्वसामान्य बोलण्यात ज्यास डिप्रेशन म्हटले जाते, त्यात किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक काळ, मन उदास राहते किंवा पूर्वी ज्या गोष्टींत गोडी होती त्यांतील गोडी नाहीशी होते. त्याजोडीला झोप उडते अथवा फार वाढते, भूक बदलते, अंगात त्राण राहत नाही, लक्ष लागत नाही, आपण निरुपयोगी आहोत, सर्वांना भार झालो आहोत असे वाटू लागते. काहींच्या मनात जीवन संपविण्याचे विचारही येतात. आपल्याकडे पुष्कळदा रुग्ण मनाची तक्रार सांगतच नाही. डोके दुखते, अंग दुखते, थकवा जात नाही, अशा तक्रारी घेऊन तो अनेक दवाखाने फिरतो आणि सर्व तपासण्या निर्दोष आल्यावर घरचे म्हणतात, ‘तुला काही झालेले नाही.’

बेंगळुरू येथील निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, सुमारे वीस प्रौढांमागे एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याचा आजार झालेला असतो. त्याहून चिंताजनक बाब अशी की, नैराश्यग्रस्तांपैकी सुमारे ८५ टक्के व्यक्तींपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. आजार असलेल्या दर सात जणांपैकी केवळ एकापर्यंत उपचार पोहोचतात, असा त्याचा सरळ अर्थ. यास्तव जो रुग्ण संकोच बाजूस सारून आपल्या बाह्यरुग्ण विभागाची पायरी चढतो, तो मध्येच उपचार सोडून जाऊ नये, ही आमची पहिली काळजी असते.

या आजारावर औषधे आहेत आणि ती उपयुक्त आहेत. समुपदेशन व मानसोपचाराच्या पद्धती आहेत. अतितीव्र आजारात विद्युत-उपचारही जीवनदायी ठरतो. व्यायाम यांपैकी कशाचीही जागा घेण्यासाठी योजलेला नाही. तो जोड-उपचार आहे, हे प्रारंभीच स्पष्ट करणे आम्हांस आवश्यक वाटते; कारण ‘व्यायाम सुरू केला, आता गोळ्या बंद’ असा परस्पर निर्णय घेणारे रुग्ण आढळतात आणि त्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात.

संशोधन काय सांगते

व्यायामाने मन प्रसन्न होते, हे आपल्या पूर्वजांस ठाऊकच होते. परंतु ‘बरे वाटते’ आणि ‘आजार कमी होतो’ ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसऱ्या विधानास पुरावा लागतो आणि तो गेल्या तीन दशकांत पद्धतशीरपणे गोळा झाला आहे.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नास वर्षे व त्यावरील वयाच्या १५६ नैराश्यग्रस्तांचे तीन गट करण्यात आले. एका गटास सर्ट्रालीन हे नैराश्यावरील प्रचलित औषध, दुसऱ्यास आठवड्यातून तीन वेळा देखरेखीखाली व्यायाम आणि तिसऱ्यास दोन्ही. सोळा आठवड्यांच्या अखेरीस तिन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखी होती. मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत औषधाचा परिणाम अधिक लवकर दिसला. याच संशोधकांनी २००७ मध्ये २०२ व्यक्तींवरील दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. चार महिन्यांनंतर आजाराची लक्षणे जवळजवळ नाहीशी झालेल्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ४७ टक्के, देखरेखीखाली गटाने व्यायाम करणाऱ्यांत ४५ टक्के, घरी स्वतःच व्यायाम करणाऱ्यांत ४० टक्के, तर औषधासारख्या दिसणाऱ्या निष्प्रभ गोळ्या घेणाऱ्यांत ३१ टक्के होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात २१८ अभ्यासांचा व त्यांतील सुमारे १४ हजार व्यक्तींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चालणे वा हलके धावणे, योग, आणि स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम हे प्रकार विशेष उपयुक्त आढळले. व्यायाम जितका जोरकस, तितका परिणाम अधिक, असाही कल दिसला. रुग्णांनी मध्येच न सोडता टिकविलेल्या प्रकारांत योग व बलवर्धक व्यायाम पुढे होते. इंग्लंडमधील नाइस या मार्गदर्शक संस्थेने २०२२ च्या आपल्या नैराश्यविषयक सूचनांत, सौम्य स्वरूपाच्या आजारासाठी प्रशिक्षित व्यक्तीने घ्यावयाचा गट-व्यायाम हा उपचाराचा एक पर्याय म्हणून समाविष्ट केला आहे.

दुसरी बाजूही आपणांपुढे ठेवणे प्रामाणिकपणाचे होईल. २०१३ मधील कॉक्रेन या नामांकित आढाव्यात ३९ प्रयोग तपासले गेले. एकंदर निष्कर्ष व्यायामाच्या बाजूने मध्यम स्वरूपाचा होता. परंतु केवळ अत्यंत काटेकोर प्रयोग विचारात घेतले, तेव्हा परिणाम बराच क्षीण झाला. अशा प्रयोगांत सहभागी होणारे लोक पुष्कळदा स्वतःहून पुढे आलेले, व्यायामास राजी असलेले असतात. दवाखान्यात येणारा प्रत्येक रुग्ण तसा नसतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आणखी एक प्रयोग आमच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. तो इंग्लंडमध्ये ३६१ रुग्णांवर झाला व २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या उपचारांच्या जोडीला प्रशिक्षित मार्गदर्शकाने आठ महिन्यांत तीनपर्यंत प्रत्यक्ष भेटी व दहापर्यंत दूरध्वनी करून रुग्णांस हालचाल वाढविण्यास प्रोत्साहन द्यावयाचे होते. रुग्णांची हालचाल खरोखरच वाढली. पण नैराश्याच्या तीव्रतेत नेहमीच्या उपचारांहून अधिक सुधारणा झाली नाही. प्रत्यक्ष व्यायाम करवून घेणारे प्रयोग आणि प्रोत्साहनावर भर देणारा हा प्रयोग शेजारी ठेवून पाहिले असता, व्यायाम हा उपचार व्हावयाचा असेल तर तो ठरलेल्या मात्रेत, नियमाने व कोणाच्या तरी सोबतीने व्हावा, असे आमच्या विभागातील तज्ज्ञांचे मत झाले. आपल्या रुग्णालयातील व्यायामगटाची उभारणी याच मतावर झालेली आहे.

शरीर हलल्याने मन का हलते

याचे एकच एक कारण सांगता येत नाही. व्यायामाने मेंदूतील पेशींच्या वाढीस व जोडणीस पोषक अशा काही प्रथिनांचे प्रमाण वाढते. अमेरिकेत १२० वृद्धांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाचा आकार सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला. वयोमानानुसार तो कमी व्हावयाचा. हे वृद्ध नैराश्याचे रुग्ण नव्हते. तथापि नैराश्यात हाच भाग सरासरीने किंचित लहान आढळतो, म्हणून तज्ज्ञांना या निष्कर्षाचे महत्त्व वाटते. याखेरीज झोप सुधारते, ताणाशी संबंधित संप्रेरकांचे चक्र ताळ्यावर येण्यास मदत होते, आणि मधुमेह, रक्तदाब यांसारखे जे विकार नैराश्यासोबत हातात हात घालून येतात, त्यांवरही चांगला परिणाम होतो.

परंतु एक कारण असे आहे की ज्यासाठी शरीरशास्त्राच्या ज्ञानाची आवश्यकता नाही. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. देवळात जाणे सोडतो, भिशीला जाणे सोडतो, बाजारहाट सोडतो. गोष्टी सुटल्या की आनंदाचे प्रसंगही सुटतात आणि मन अधिक खोल जाते; मन खोल गेले की आणखी काही सुटते. या चक्रातील माणूस म्हणतो, ‘बरे वाटले की करीन.’ उपचारपद्धती नेमके उलट सांगते: आधी थोडे करा, मग बरे वाटू लागेल.

या तत्त्वाचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यातील आहे. ‘संगथ’ या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवर प्रयोग केला. वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांना सहा ते आठ आठवडी भेटींतून, सुटलेली कामे व आवडीच्या गोष्टी एकेक करून पुन्हा सुरू करण्यास साहाय्य केले. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनंतर ज्यांची लक्षणे ठरावीक पातळीखाली आली, त्यांचे प्रमाण या गटात ६४ टक्के, तर केवळ सुधारित नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के होते. हा व्यायामाचा प्रयोग नव्हता. पण कृती आधी व मनःस्थिती मागाहून, हे सूत्र आपल्याच माणसांत, आपल्याच भाषा बोलणाऱ्या मुलुखात खरे ठरले, आणि त्यासाठी मोठ्या पदवीपेक्षा नियमाने येणारा, विश्वासाचा माणूस लागला, ही बाब आम्हांस फार मोलाची वाटते.

सल्ला पुरेसा का पडत नाही

‘रोज चाला, व्यायाम करा’ हे वाक्य केसपेपरवर लिहिण्यास अर्धे मिनिट लागते. मधुमेहाच्या रुग्णास ते पाळणे कठीण जाते. नैराश्याच्या रुग्णास तर अंथरुणातून उठून दात घासणे हेच डोंगराएवढे काम असते. ज्या शक्तीने व्यायाम सुरू करावयाचा, तीच शक्ती या आजाराने हिरावून घेतलेली असते. अशा माणसास नुसता सल्ला दिला आणि तो त्यास पाळता आला नाही, तर ‘मला एवढेही जमत नाही’ ही आणखी एक अपराधी भावना घेऊन तो पुढच्या वेळी येतो, किंवा येतच नाही.

म्हणून आपल्या रुग्णालयात व्यायाम हा लिहून देण्याचा विषय न ठेवता करवून घेण्याचा विषय ठेवला आहे. डॉक्टर रुग्णाची तपासणी करून गटात नाव नोंदवितात. गट लहान असतो. सकाळी ठरलेल्या वेळी भौतिकोपचारतज्ज्ञ व एक सेविका रुग्णांसमवेत स्वतः चालतात. पावसाळ्यात हाच कार्यक्रम जुन्या इमारतीच्या लांब व्हरांड्यात होतो. पायांत साध्या चपला असतील तरी चालते. स्त्रियांना साडीत करता येतील असेच व्यायाम योजलेले आहेत. गावाहून येणाऱ्यांसाठी एस.टी.च्या वेळा पाहून गटाची वेळ ठरविली जाते. या गोष्टी किरकोळ वाटतील. पण यांपैकी एखादी अडली तरी रुग्ण दुसऱ्या दिवशी येत नाही.

गटात हजेरीपट आहे. त्यात किती फेऱ्या मारल्या याहून कोण आले हे अधिक काळजीपूर्वक लिहिले जाते. पहिल्या दिवशी कोणी केवळ बाकावर बसून इतरांकडे पाहिले, तरी त्याची हजेरी लागते. लागोपाठ दोन वेळा कोणी आले नाही, तर त्याच दिवशी समाजसेविका घरी दूरध्वनी करतात. या आजारात गैरहजेरी ही एक बातमी असते. औषधे संपलेली असू शकतात, घरात काही घडलेले असू शकते, आजार बळावलेला असू शकतो. दोन महिन्यांनी येणाऱ्या पुढील तपासणीपर्यंत जे कळले नसते, ते हजेरीपटातून दोन दिवसांत कळू शकते. व्यायामगटाचा हा उपयोग कोणत्याही यंत्राने साधता येण्याजोगा नाही.

मात्रा किती व कशी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा व आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. हे गंतव्य आहे. प्रारंभ येथून करावयाचा नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १५ अभ्यास व १ लाख ९१ हजारांहून अधिक व्यक्तींच्या आढाव्यात असे दिसले की, शिफारशीच्या निम्मा व्यायाम करणाऱ्यांतही नैराश्याचा धोका, मुळीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत, १८ टक्क्यांनी कमी होता. पूर्ण मात्रेत तो २५ टक्क्यांनी कमी होता. म्हणजे पहिल्या थोड्या पावलांचाच लाभ सर्वांत मोठा.

आपल्या गटात साधारणतः पुढील क्रम पाळला जातो. पहिल्या आठवड्यात पाच ते दहा मिनिटे सावकाश चालणे, तेही आठवड्यातून तीन दिवस. त्यानंतर दर आठवड्यास थोडी थोडी वाढ करीत अर्ध्या तासापर्यंत जाणे. वेग मोजण्यासाठी घड्याळाची आवश्यकता नाही. चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका दम लागला की वेग मध्यम झाला असे समजावे. तीन-चार आठवड्यांनंतर खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीस हात टेकून दंडाचा सोपा प्रकार, रबरी पट्टी ताणणे असे बलवर्धक व्यायाम जोडले जातात. ज्यांस योगाची आवड आहे, त्यांच्यासाठी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली आसने आहेत. रुग्णास जे आवडते ते टिकते. म्हणून प्रकाराचा आग्रह न धरता नियमितपणाचा धरावा.

परिणाम दिसण्यास साधारणतः दहा ते बारा आठवडे द्यावेत. पहिल्या पंधरवड्यात काहीच फरक वाटला नाही म्हणून सोडू नये. प्रगती मोजण्यासाठी डॉक्टर नऊ प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली ठरावीक अंतराने भरून घेतात, त्यामुळे केवळ ‘आज कसे वाटते’ यावर निर्णय अवलंबून राहत नाही.

‘घरकामात आणि शेतावर दिवसभर राबतो, तोच व्यायाम नव्हे का?’ असा प्रश्न विशेषतः महिला रुग्ण विचारतात. शरीराची हालचाल त्यात होते, हे खरे. परंतु स्वेच्छेने, फावल्या वेळी केलेल्या व्यायामाचा व मनःस्वास्थ्याचा संबंध जितका स्पष्टपणे आढळतो, तितका कष्टाच्या व घरच्या कामांबाबत आढळत नाही. ओढग्रस्तीने केलेली धुणीभांडी आणि स्वतःसाठी राखून ठेवलेला अर्धा तास यांत मनाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. हा अर्धा तास त्या बाईस मिळवून देणे ही घरच्यांची जबाबदारी आहे.

सावधगिरी

पुढील बाबी रुग्णांनी व नातेवाइकांनी कटाक्षाने लक्षात ठेवाव्यात.

१. डॉक्टरांस विचारल्याविना औषध कमी वा बंद करू नये. बरे वाटू लागल्यावरही औषधे साधारणतः किमान सहा महिने चालू ठेवावी लागतात. ती एकाएकी थांबविल्यास त्रास होतो व आजार उलटण्याची शक्यता असते.

२. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, छातीत दुखणे, सांधेदुखी वा गर्भारपण असल्यास आधी तपासणी करून घ्यावी. मधुमेहाची इन्सुलिन अथवा साखर वेगाने उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये व जवळ साखर वा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत.

३. मानसोपचाराच्या काही औषधांनी एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते. लिथियम घेणाऱ्यांनी कडक उन्हात घाम गाळणारा व्यायाम टाळावा व पाणी पुरेसे प्यावे. शरीरातील पाणी कमी झाल्यास त्या औषधाचे रक्तातील प्रमाण धोकादायकरीत्या वाढू शकते.

४. ज्या रुग्णाने खाणेपिणे सोडले आहे, जो बोलेनासा झाला आहे, किंवा ज्याच्या मनात जीवन संपविण्याचे विचार आहेत, त्यास व्यायामाची वाट पाहत ठेवू नये. त्यास तत्काळ डॉक्टरांकडे आणावे व एकटे सोडू नये.

घरच्या माणसांसाठी

रुग्णालयातील गट आठवड्यातून तीन दिवसांचा. उरलेले दिवस घरचे असतात. ‘ऊठ, जरा फिरून ये, नुसता पडून काय राहतोस’ हे शब्द प्रेमापोटी येत असले तरी रुग्णाच्या कानी ते ठपक्यासारखे पडतात. त्याऐवजी ‘आई, चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ’ किंवा ‘अहो, दूध आणायला मीही येते, चला’ असे म्हणून स्वतः चपला पायांत घालाव्यात. आदेश देणारा माणूस घरात बसून राहतो. सोबत देणारा उंबरठा ओलांडतो. रुग्णाने नकार दिल्यास वाद घालू नये. उद्या त्याच वेळी पुन्हा विचारावे. वाटेत आजाराची चर्चा किंवा उपदेश टाळावा. न बोलता चालले तरी पुरे. परतल्यावर ‘आज किती कमी चाललास’ असे न म्हणता ‘आज गेलो, बरे झाले’ एवढेच म्हणावे.

सोबत करणाऱ्यासही याचा लाभ होतो. दीर्घ आजाराच्या सेवेने घरची माणसे स्वतःही थकलेली असतात, आणि त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

खर्चाचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. व्यायाम फुकट आहे. सोबत फुकट नाही. या शीर्षकाखालील बहुतांश खर्च मनुष्यबळाचा आहे: तज्ज्ञांचा सकाळचा वेळ, सेविकेचे वेतन, समाजसेविकेचे दूरध्वनी व गृहभेटी. साहित्यावरील खर्च रबरी पट्ट्या, सतरंज्या व चहा इतकाच. हा आवर्ती खर्च आहे, तो दरवर्षी येणार, आणि हीच आमची खरी अडचण आहे.

धर्मादाय रुग्णालयास यंत्रासाठी देणगी मिळणे तुलनेने सुलभ असते. यंत्र दिसते, त्याचे उद्घाटन होते, त्यावर आप्तांच्या स्मरणार्थ पाटी लावता येते. चालण्याचे विजेवरील यंत्र देऊ करणाऱ्या एका हितचिंतकांचे आम्ही मनःपूर्वक आभार मानले व त्यांच्या संमतीने ती देणगी या मनुष्यबळाच्या खर्चाकडे वळविली. त्यांनी दाखविलेल्या औदार्याबद्दल विश्वस्त मंडळ ऋणी आहे. यंत्राचा वार्षिक देखभाल-करार करावा लागतो, ते बिघडते, आणि न आलेल्या रुग्णाच्या घरी ते दूरध्वनी करीत नाही.

आमच्या पेशात प्रत्येक खर्चासमोर परतावा लिहिण्याची सवय असते. येथे परतावा रुपयांत लिहिता येणार नाही. पण जो रुग्ण उपचार अर्धवट सोडतो, त्याच्यावर आजवर झालेला तपासणीचा, औषधांचा व तज्ज्ञांच्या वेळेचा सर्व खर्च वाया जातो, आणि त्याचा संसार मोडकळीस येतो तो वेगळाच. जोड-उपचारावरील थोडा खर्च मूळ उपचारावरील मोठा खर्च सार्थकी लावतो, असे आमचे नम्र प्रतिपादन आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क मानला गेला आहे; तो हक्क केवळ गोळ्यांच्या पाकिटापुरता सीमित राहू नये, हे पाहण्याची जबाबदारी आपल्यासारख्या संस्थांवरही येते.

आवाहन

या कार्यासाठी तीन प्रकारे साहाय्य करता येईल. ज्यांस शक्य आहे त्यांनी कायम निधीस देणगी द्यावी, जेणेकरून तिच्या व्याजातून सेविकेचे वेतन दरवर्षी निघेल. परिसरातील मंडळांनी व शाळांनी पावसाळ्याच्या महिन्यांत सकाळी तासभर सभागृह उपलब्ध करून द्यावे. आणि ज्यांच्यापाशी वेळ आहे, विशेषतः सेवानिवृत्त बंधु-भगिनींनी, आठवड्यातून एक सकाळ गटासमवेत चालण्यास यावे. त्यासाठी आवश्यक ते अल्प प्रशिक्षण रुग्णालय देईल. रुग्णाविषयी जे कळेल ते स्वतःपाशी ठेवणे, ही एकच अट आहे.

ज्यांच्या घरी वा शेजारी अशी व्यक्ती असेल, त्यांनी आमच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागाशी संपर्क साधावा. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. तिचा लाभ घेण्यात कमीपणा मानू नये.